खिशातल्या फोनचा दोष खिशावर नको




पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या सावरगावकडच्या आणि पांढुर्ण्याकडच्या काठांवर गोटमारीसाठी, म्हणजे परस्परांवरच्या दगडफेकीसाठी, हजारो लोक जमतात. दरवर्षी अनेक जण जखमी होतात, काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. त्या दिवशी मदतीच्या क्रमांकावरचे प्रत्येक मिनिट मोलाचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मध्य प्रदेशात डायल-१०० ची जागा डायल-११२ ने घेतली. गर्दीत रेटारेटी होऊन कुणाच्या खिशातला फोन आपोआप ११२ ला लागला, तर पलीकडच्या कर्मचाऱ्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. कुणी संकटात आहे की फोन चुकून लागला, हे ठरवण्यात त्याचा वेळ जातो आणि खरा जखमी तेवढा वेळ रांगेत थांबतो. असे झाले की आपण फोनवाल्याच्या निष्काळजीपणाला बोल लावतो. माझ्या मते मोठा दोष फोन बनवणाऱ्यांचा आहे.

चुकून लागणाऱ्या फोनची कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ओळखली पाहिजेत. एक कारण पडदा. बोट टेकल्यावर होणारा विद्युतभारातला सूक्ष्म बदल पडदा टिपतो. कोरड्या जाड कापडातून तो सहसा फसत नाही, पण संत्रातोडणीच्या वेळी घामाने भिजलेला पातळ सदरा अंगाला चिकटला की फसू शकतो. दोनदा टिचकी मारून किंवा फोन उचलून पडदा उजळण्याची सोय चालू असेल, तर आणखीच. यावर ‘पॉकेट मोड’ हा उपाय बऱ्याच फोनमध्ये असतो. कानाजवळच्या भागातला सेन्सर झाकला गेला की पडदा स्पर्श घेत नाही. मात्र सदऱ्याच्या उथळ खिशातून फोनचे डोके बाहेर राहिले, तर सेन्सर उघडाच राहतो आणि ही सोय निरुपयोगी ठरते. फोन डोके खाली करून ठेवावा, ही साधी गोष्ट खोक्यातल्या कागदावर ठळक छापायला काय हरकत आहे?

दुसरे कारण बाजूचे बटण, आणि त्यापुढे पॉकेट मोडचा फारसा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये संकटसमयीचे बटण सक्तीचे केले. स्मार्टफोनसाठी पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबण्याची रीत त्यात सांगितली होती. पुढे अँड्रॉइडमध्ये पाचदा दाबण्याची सोय आली. तीही पुरेशी ठरली नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी याच सोयीमुळे ९९९ या तिथल्या मदतीच्या क्रमांकावर चुकीचे फोन फार वाढल्याची जाहीर तक्रार केली. देश वेगळा, पोशाख वेगळा, तरी घोळ तोच. मग तो आपल्या खिशांचा म्हणता येत नाही.

मग ही सोय बंदच करा, असे कुणी सुचवेल. ते मला मान्य नाही. पिशवीत हात घालून गुपचूप मदत मागणाऱ्या बाईसाठीच ती आहे. म्हणूनच ‘सेन्सर झाकला असेल तर फोन लागूच नये’ हा उपायही चुकीचा. फोन लागण्याआधी काही सेकंद जोरदार थरथराट व्हावा, म्हणजे चूक झालेल्याला रद्द करता येईल आणि संकटातल्या बाईचा आवाजाने घात होणार नाही. काही सेकंदांचा उशीर होईल हे खरे, पण निनावी गोंगाटामागे जाणारा वेळ त्याहून जास्त असतो. झाकणाचे कव्हर घ्या, हा सल्लाही अपुरा आहे, कारण बाजूचे बटण त्यातही बहुधा उघडेच असते. स्वस्त फोनला थरथराटाची सोय परवडणार नाही, असेही म्हणता येत नाही. थरथरण्याची मोटर स्वस्त फोनमध्येही असते. बदल फक्त सॉफ्टवेअरमध्ये करायचा आहे.

दूरसंचार विभागाने हा बदल आणि पॉकेट मोड दोन्ही कारखान्यातूनच चालू ठेवण्याची अट घालावी. तोवर वाचकांना एवढीच विनंती, की ११२ ला फोन चुकून लागला तर घाबरून कापू नका. ‘चुकून लागला, सगळे ठीक आहे’ एवढे सांगा आणि मगच ठेवा.

आपला,
एक वाचक, सावरगाव (जि. पांढुर्णा)