बाइकसाठी सिंथेटिक ऑइल की साधं? दुप्पट पैसे नेमके कशाचे?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतर नवी गाडी घेतलेल्या अनेकांना पहिल्याच 'फ्री' सर्व्हिसिंगला एक गोष्ट कळली. फ्री असते ती मजुरी, ऑइलचे पैसे आपलेच. आणि काउंटरवर प्रश्न येतो, "साधं टाकायचं की फुल्ली सिंथेटिक?"

साध्या, म्हणजे मिनरल ऑइलच्या एक लिटरला साधारण चारशे रुपये लागतात. फुल्ली सिंथेटिकला त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. रील्सवर विचारलं तर एक जण सांगतो, साध्या ऑइलने इंजिन लवकर बसतं. दुसरा सांगतो, सिंथेटिकने क्लच घसरतो. दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे.

'सिंथेटिक' कशाला म्हणायचं?

इंजिन ऑइल म्हणजे बेस ऑइल आणि त्यात मिसळलेली रसायनं. मिनरलमध्ये हे बेस ऑइल कच्चं तेल शुद्ध करून मिळतं. त्यात लहानमोठे रेणू एकत्र असतात, थोडं मेण आणि गंधकही उरतं. सिंथेटिकची मूळ कल्पना वेगळी होती. रासायनिक कारखान्यात हवे तसे, एकसारखे रेणू तयार करायचे. पीएओ नावाचं बेस ऑइल असंच बनतं. रेणू एकसारखे असल्यामुळे ते उष्णतेत लवकर पातळ होत नाही, कमी उडतं आणि हवेशी प्रक्रिया होऊन घट्ट व्हायलाही वेळ घेतं.

पण आज बाटलीवर 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं असलं म्हणून आत पीएओच असेल असं नाही. यामागे अमेरिकेतला एक वाद आहे. १९९० च्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या 'सिंटेक' या ऑइलमधलं पीएओ काढून त्या जागी कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या मदतीने खूप खोलवर प्रक्रिया केलेलं बेस ऑइल वापरायला सुरुवात केली. मोबिलने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेकडे तक्रार केली. याला सिंथेटिक म्हणणं म्हणजे ग्राहकाची फसवणूक, असं मोबिलचं म्हणणं होतं. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून 'ग्रुप थ्री' नावाने ओळखलं जाणारं हे स्वस्त बेस ऑइल जगभर सिंथेटिक म्हणून विकलं जातं.

ग्रुप थ्री वाईट नाही, मिनरलपेक्षा ते नक्कीच सरस आहे. अडचण एवढीच की बाटलीवर हा ग्रुप सहसा छापलेला नसतो. 'सेमी-सिंथेटिक'चं प्रकरण तर आणखी धूसर. त्यात सिंथेटिकचा वाटा किती टक्के असावा, याचा एकच सर्वमान्य आकडा नाही. त्यामुळे बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा मागच्या बाजूची बारीक अक्षरं जास्त कामाची.

क्लच घसरतो तो कशामुळे?

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. बहुतेक बाइकमध्ये मात्र एकच ऑइल तीन कामं करतं. ते पिस्टन आणि बेअरिंग सांभाळतं, गिअरच्या दातांमध्ये भरडलं जातं आणि क्लचप्लेटही त्यातच बुडालेल्या असतात. कारच्या ऑइलमध्ये मायलेजसाठी घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. तीच क्लचप्लेटवर आली की प्लेटा पकड सोडू लागतात. म्हणजे दोष सिंथेटिकचा नाही, चुकीच्या प्रकारच्या ऑइलचा आहे. कारसाठीचं मिनरल टाकलं तरी हेच होऊ शकतं.

यासाठीच 'जासो' हे जपानी मानक आहे. गिअरच्या बाइकसाठी बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हवं. 'एमबी' हे कमी घर्षणाचं ऑइल असतं, ते स्कूटरसाठी. घरात एक अ‍ॅक्टिव्हा आणि एक बाइक असेल तर उरलेलं ऑइल इकडचं तिकडे करू नका. दोन्ही बाटल्यांवर १०डब्ल्यू-३० असलं तरी नाही.

हा १०डब्ल्यू-३० म्हणजे ग्रेड. 'डब्ल्यू' हिवाळ्यासाठीचं अक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. नंतरचा आकडा गरम इंजिनमधला घट्टपणा सांगतो. '१०डब्ल्यू'ची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, '२०डब्ल्यू'ची उणे १५ ला. नाशिक-निफाडची कडाक्याची थंडीही त्याच्या जवळपास जात नाही. लेह-लडाखला निघणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. महाराष्ट्रात मात्र 'थंडीत गाडी लगेच स्टार्ट होते' एवढ्यासाठी सिंथेटिक घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

महाराष्ट्रात खरी परीक्षा उन्हाळ्याची. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या आसपास असतो. एअर-कूल्ड इंजिनला थंड ठेवायला वाहता वारा लागतो आणि सिग्नलवर किंवा ट्रॅफिक जाममध्ये तोच मिळत नाही. अशा वेळी मिनरल लवकर पातळ होतं आणि लवकर कमीही होतं. सिंथेटिकचा फायदा इथे खरा आहे.

हिशोब करून पाहा

समजा पुण्यातला एक डिलिव्हरी रायडर १०० सीसीच्या बाइकवर रोज १०० किलोमीटर फिरतो. महिन्याला २६ दिवस धरले तर २,६०० किलोमीटर. तो ४०० रुपयांचं मिनरल दर तीन हजार किलोमीटरला बदलत असेल तर किलोमीटरमागे १३ पैसे पडतात. ९०० रुपयांचं सिंथेटिक सहा हजारांपर्यंत चालवलं तर १५ पैसे. महिन्याचा फरक पन्नास रुपयांच्या आतला. पण गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून सिंथेटिकही तीन हजारांनाच बदललं, तर ३० पैसे. म्हणजे महिन्याला चारशेहून अधिक रुपये जादा आणि हाती जवळपास काहीच नाही.

आता मॅन्युअल उघडा. अनेक कम्युटर बाइकसाठी कंपनीने सुचवलेलं ऑइल बदलण्याचं अंतर मुळातच पाच-सहा हजार किलोमीटरचं असतं. घर ते ऑफिस एवढीच धाव असणाऱ्याने तेवढं पाळलं, मध्ये एकदा पातळी तपासून टॉप-अप केलं, तर साध्या ऑइलवर गाडी वर्षानुवर्षं चालते. रोजचं अंतर दोन-तीन किलोमीटरच असेल तर इंजिन पुरेसं तापतच नाही. पेट्रोलचे अंश आणि पाणी ऑइलमध्ये साचत जातं. तिथे किलोमीटर न मोजता कॅलेंडर पाहावं, वर्षातून एकदा ऑइल बदलावंच. हे सिंथेटिकलाही लागू आहे.

दिवसभर गर्दीत गाडी तापवणारा रायडर, घाटात डबलसीट जाणारे, हायवेवर तासन्‌तास वेगात असणारे यांनी जादा पैसे मोजायला हरकत नाही. जास्त क्षमतेच्या गाड्यांत कंपनीच ते ठरवून देते. रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाड्यांना सेमी-सिंथेटिक १५डब्ल्यू-५० सांगितलेलं आहे. तिथे चारशे रुपये वाचवायला जाऊ नये. उलट सिंथेटिक घातलं म्हणून मॅन्युअलमधलं अंतर स्वतःच वाढवलं, तर वॉरंटीच्या वेळी वाद होऊ शकतो.

गॅरेजमध्ये ऐकू येणाऱ्या गोष्टी

ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, असं नाही. त्यातली रसायनं काजळी धरून ठेवतात, म्हणून ते काळं होतं. रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि हाताशी त्याच ग्रेडचं, 'एमए'चं मिनरल असेल तर ते सिंथेटिकमध्ये खुशाल घाला. कमी ऑइलवर गाडी दामटणं त्याहून कितीतरी घातक. पंधरा-वीस वर्षं जुन्या, सील झिजलेल्या गाडीत मात्र सिंथेटिकने गळती दिसू लागते, ही तक्रार अगदीच निराधार नाही. आतला जुना गाळ सुटला की त्याने झाकलेली फट उघडी पडते.

आणि या सगळ्याच्या आधी बाटली अस्सल हवी. नकली ऑइलवाल्यांना महाग ब्रँडच्या रिकाम्या बाटल्याच हव्या असतात. म्हणून सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, बॅच नंबर पाहा आणि ऑइल ओतून झाल्यावर रिकाम्या बाटलीला तिथेच स्क्रूड्रायव्हरने भोक पाडून घ्या.