काळी चिठ्ठी माणसानेच लावावी

१५ जून २०२५, रविवार. मावळातल्या इंदुरीजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला. चौघे गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. अशा वेळी जखमींच्या उपचारात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी म्हटले, की पहिला आक्षेप येतो: आधी पूल दुरुस्त करा! आक्षेप शंभर टक्के मान्य. पूल धोक्याचा आहे हे कळायला कुठलेही यंत्र लागत नव्हते. पण म्हणून जखमीला मिळू शकणारी मदत नाकारायची, हे कुठले तर्कशास्त्र?

दुसरा आक्षेप, ‘यंत्राला दया नसते’. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने हुद्दा न पाहता जखम पाहून उपचाराचा क्रम लावला, तेव्हापासून रणांगणातले वैद्यक नियमांवरच चालते. आजही श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला की लाल चिठ्ठी, म्हणजे उपचार लगेच; चालता येत असेल तर हिरवी. दया आटली म्हणून हे नियम आले नाहीत. हात अपुरे पडतात म्हणून आले. आणि हात सर्वांत अपुरे पडतात ते पिवळ्या चिठ्ठीपाशी, म्हणजे गंभीर पण थोडा वेळ थांबू शकणाऱ्या जखमींपाशी. पोटात रक्तस्राव होत असलेला माणूस सुरुवातीला नीट बोलतो, पाणी मागतो. मग नाडी धावू लागते, अंग थंड पडते, आणि तोवर सगळे ओरडणाऱ्याभोवती जमलेले असतात. चिठ्ठी पुन्हा पुन्हा तपासायची असते हे सगळ्यांना शिकवलेले असते, गर्दीत तेच राहून जाते. वीस जणांची नाडी न थकता पाहणे आणि बिघडताच हाक देणे, हे काम यंत्राचेच.

‘मग सगळाच निर्णय त्याला द्या’ म्हणणाऱ्यांनाही माझा तितकाच विरोध आहे. काळी चिठ्ठी म्हणजे या माणसावर आता हात खर्च करायचे नाहीत. ती लावणाऱ्याला नाव हवे, नातेवाइकांसमोर उभे राहायची तयारी हवी. शिवाय यंत्र ज्यावर विसंबेल तो ऑक्सिमीटर गारठलेल्या बोटावर चुकतो, आणि काळ्या त्वचेवर ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दाखवू शकतो, हे अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात दिसले. मावळात पावसाळ्यात कुणाची बोटे कोरडी आणि उबदार असतात?

सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची बटालियन आहे, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, लोणावळ्यात शिवदुर्ग या बचाव पथकाची मुले. भर पावसात, मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत त्यांनी हे यंत्र घेऊन एकत्र सराव करावा. यंत्राने किती वेळा उगाच हाक दिली आणि कुणाला पिवळ्यातच पडू दिले, याची नोंद लोकांसमोर ठेवावी. त्या नोंदीवरून ठरू दे त्याला जखमीशेजारी बसवायचे की नाही.