शिक्का कोडवर, चूक चालताना

औरंगाबाद शहराचे नाव फेब्रुवारी 2023 मध्ये बदलून ‘छत्रपती संभाजीनगर’ झाले, जिल्ह्याचे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, रेल्वे स्थानकाचे ऑक्टोबर 2025 मध्ये. स्थानकाचा संकेतांकही ‘एडब्ल्यूबी’चा ‘सीपीएसएन’ झाला. आपल्या पायथॉन प्रणालींना मात्र हे अजून पचलेले नाही. या महिन्याच्या टपालात एकच रड आहे: दाखल्यावर जिल्ह्याच्या जागी ‘नन’ छापून येते.

असे एक प्रकरण आमच्याही वाट्याला आले. डिक्शनरीच्या ‘गेट’ने निमूटपणे नन परत केला, तो चार फंक्शनांतून फिरला आणि पाचव्यात एफ-स्ट्रिंगने त्याला अक्षरांत उतरवले. ना एक्सेप्शन, ना लॉग. स्टॅटिक स्कॅनचा अहवाल स्वच्छ. किल्ली बाहेरच्या जेसनमधून येते, तर स्कॅनरला दिसणार तरी काय? नन जन्मला कुठे, हे प्रोग्राम चालता ठेवूनच शोधावे लागते. जावास्क्रिप्टसाठी कौशिक सेन व सहकाऱ्यांच्या ‘जलंगी’ने 2013 मध्ये नेमका हाच माग काढून दाखवला, पायथॉनसाठी 2022 मध्ये ‘डायनापिट’ आले.

म्हणून इन्स्ट्रुमेंट केलेला कोड स्टेजिंगवर चालवायची परवानगी मागितली. उत्तर आले: ऑडिट प्रमाणपत्रातला हॅश जुळत नाही, सबब हा कोड ‘अनऑडिटेड’. अहो, कोडमध्ये प्रोब घातल्यावर हॅश जुळेल कसा? मग पायथॉन 3.12 चे ‘सिस डॉट मॉनिटरिंग’ सुचवले; त्यासाठी सोर्सला हात लावावा लागत नाही. पण सर्व्हरवर 3.6, ज्याचा आधार डिसेंबर 2021 मध्येच संपला. अपग्रेड म्हटले की पुन्हा ऑडिट, पुन्हा निविदा. थोडक्यात, चुकीचा दाखला छापणारा कोड प्रमाणित आणि ती चूक शोधणारा बेकायदा!

शेवटी आपल्याच लॅपटॉपवर ‘सेटट्रेस’ लावला, बनावट नोंदी सोडल्या. ओळ न् ओळ तपासली. नन एकदाही उगवला नाही. उलगडा केला तो एका कारकुनाने. पोर्टलवरचा अर्ज आणि दाखला शेजारी शेजारी धरून तो म्हणाला, “साहेब, यांचा ‘ति’ ऱ्हस्व आहे.” पोर्टलवर हिंदीप्रमाणे ‘छत्रपति’, आपल्या डिक्शनरीत ‘छत्रपती’. युनिकोड नॉर्मलायझेशन इथे उपयोगाचे नाही. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. आणि बनावट नोंदींत ऱ्हस्व ‘ति’ येणार कुठून? त्या आम्हीच टाइप केल्या होत्या.

तेव्हा ऑडिटवाल्या साहेबांना बोल लावून झाल्यावर थोडे घरातही बघू. शंभर टक्के कव्हरेजचा हिरवा पट्टा मिरवणाऱ्या सभासदांनी सांगावे, चाचणीच्या नोंदी कोणी लिहिल्या? ज्याने कोड लिहिला, त्यानेच ना? डायनॅमिक विश्लेषण फक्त घडलेले पाहते. जे इनपुट कधी दिलेच नाही, त्याबद्दल ते मुके असते. काहींनी तर सरसकट फाइंड-रिप्लेस करून बिहारमधल्या औरंगाबाद जिल्ह्याचेही बारसे उरकले!

सभासदहो, एवढे करा. आपल्या प्रणालीत जिल्ह्याचे नाव जिथून आत येते, तिथे आठवडाभर फक्त न जुळलेल्या किल्ल्या नोंदवा. अर्जदाराचे नाव नको, आधार नको, नुसती ती अक्षरे. ‘संभाजी नगर’मधली मोकळी जागा, ‘सम्भाजी’तला म, इंग्रजी स्पेलिंगमधला गळालेला एच, जे सापडेल ते आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात एकत्रित यादी छापू. ती चाचणीत घाला, आणि ऑडिटवाल्यांच्या टेबलावरही एक प्रत ठेवा.