ॲक्रिलिक रंग: घरच्या घरी, परवडणारा छंद

"डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, पण दिवस जात नाही आणि रात्री झोप येत नाही." नुकतेच निवृत्त झालेले किंवा मुलं परगावी गेलेले रुग्ण ही तक्रार नेहमी करतात. आम्ही डॉक्टर त्यांना चाला, मीठ कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा असं सांगतो. पण मोबाइल बाजूला ठेवल्यावर रिकाम्या हातांनी करायचं काय, हे मात्र सहसा सांगत नाही. माझं मत असं आहे की हात आणि मन दोन्ही गुंतेल असा एक तरी छंद प्रत्येकाला हवा. ॲक्रिलिक रंगांनी चित्र काढणं हा त्यातला सोपा आणि खिशाला परवडणारा पर्याय आहे.

ॲक्रिलिकच का?

या रंगात रंगद्रव्य आणि ॲक्रिलिक पॉलिमरचे सूक्ष्म कण पाण्यात मिसळलेले असतात. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटतात आणि लवचिक थर तयार होतो. पातळ थर साधारण अर्ध्या तासात वाळतो आणि नंतर पाण्याने निघत नाही. त्यामुळे चुकलेल्या भागावर सरळ दुसरा रंग देता येतो. जलरंगात ही सोय नसते. तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, शिवाय टर्पेंटाइनचा वास छोट्या फ्लॅटमध्ये, विशेषतः घरात कुणाला दमा असेल तर, त्रासदायक ठरतो.

खर्च किती?

छोट्या ट्यूबांचा साधा संच, एक चपटा व एक गोल ब्रश आणि जाड कार्ट्रिज कागद, एवढं साधारण पाचशे रुपयांत येतं. पॅलेट म्हणून जुनी चिनी मातीची बशी चालते. कॅनव्हास, ईझल, महागडे ब्रश सुरुवातीला घेऊच नका. पैसे जास्त गुंतले की चित्र चांगलंच यायला हवं असं दडपण येतं आणि सामान कपाटात जातं. पांढरा रंग मात्र लवकर संपतो, त्याची मोठी ट्यूब घ्या.

शरीराला काय फायदा?

अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ मधील एका अभ्यासात ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम असं हवं ते करायला दिलं. सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. पूर्वी कलेचा अनुभव होता की नव्हता, याने विशेष फरक पडला नाही. अभ्यास लहान होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून याला औषध म्हणू नका. पण 'मला चित्रकला येत नाही' ही सबब मात्र यातून निकालात निघते.

'या वयात आता काय?' असं घरचेच म्हणतील. बायकांना तर हे हमखास ऐकावं लागतं. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रकलेकडे गांभीर्याने वळले, एवढं त्यांना सांगा. आणि चित्र लगेच स्टेटसवर टाकू नका. किती जणांनी पाहिलं हे मोजायला लागलात की विश्रांती संपली.

काही काळजी घ्या

• ब्रशचं टोक ओठांनी जुळवू नका. काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात, लेबल वाचा.
• खिडकी उघडी ठेवा. वाळलेला थर घासून त्याची धूळ उडवू नका.
• हे रंग चेहऱ्यावर लावायचे नाहीत. नातवंडं सोबत असतील तर विशेष लक्ष ठेवा.
• ब्रश आधी जुन्या फडक्याला पुसा, मग धुवा. ब्रशवर रंग वाळला तर ब्रश वाया जातो.
• मान खाली घालून तासन्‌तास बसू नका. दर अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला. जवळचा चष्मा वापरा.
• हात थोडा थरथरत असेल तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. थरथर नवीन असेल किंवा वाढत असेल, तर आधी तपासून घ्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं: दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर छंदावर विसंबून राहू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी भेटा. चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. रोजचं चालणंही सोडायचं नाही.

बाकी सगळ्यांनी आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास स्वतःसाठी काढून ठेवा. खिडकीतली कुंडी, ओट्यावरची किटली, काहीही समोर ठेवा आणि रंगवा. चित्र कसं आलं ते मला दाखवू नका. त्या रात्री झोप कशी लागली तेवढं सांगा.