पोलिसांची बिनतारी आणि नागरिकांचे कान

अमेरिकेत तळहातावर मावणारे एक यंत्र दुकानांतून उघडपणे विकले जाते. त्याला रेडिओ स्कॅनर असे म्हणतात. दिसायला ते पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखे असते. मात्र त्याला तोंड नाही, केवळ कान आहेत. त्यातून काहीही प्रक्षेपित करता येत नाही. पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, विमानतळ, रेल्वे, बंदर यांची बिनतारी संभाषणे ज्या वारंवारतांवर चालतात त्या एकामागून एक चाळीत जायचे, जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबायचे आणि बोलणे संपले की पुढे सरकायचे, एवढेच त्याचे काम. सेकंदाला शंभरापर्यंत वारंवारता ते तपासू शकते. गेली कित्येक दशके तेथील वार्ताहर, निवृत्त कर्मचारी, स्वयंसेवी अग्निशामक आणि निव्वळ हौशी मंडळी हे यंत्र बाळगीत आली आहेत. अलीकडे मात्र ते मोठ्या शहरांत बहिरे होत चालले आहे. हे बहिरेपण सरकारी तिजोरीतून खर्च करून आणलेले असल्यामुळे त्याचा विचार केवळ हौशी लोकांनी करावा, असा हा विषय राहिलेला नाही.

डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी 1928 साली गस्तीच्या मोटारींना बिनतारी संदेश धाडण्यास सुरुवात केली, तेव्हा ते संदेश कोणालाही ऐकता येत होते. पुढील दशकातील अनेक घरगुती रेडिओसंचांच्या तबकडीवर ‘पोलीस’ असा स्वतंत्र पट्टाच छापलेला असे. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध छायाचित्रकार वीजी याला 1938 साली पोलिसांचे संदेश घेणारा रेडिओ बाळगण्याची अधिकृत परवानगी मिळाली आणि गुन्ह्याच्या जागी तो भल्या भल्या वृत्तपत्रांच्या आधी पोहोचू लागला. 1970 च्या दशकातील स्कॅनरमध्ये प्रत्येक वाहिनीसाठी त्या त्या वारंवारतेचा स्फटिक विकत आणून बसवावा लागे. आठ वाहिन्या हव्या तर आठ स्फटिक. पुढे कळफलक आला, स्फटिकांची कटकट संपली आणि वारंवारता आकड्यांनी भरता येऊ लागली.

तरीही यंत्र विकत घेणे सोपे आणि त्याला शिकवणे कष्टाचे, ही स्थिती बदलली नाही. आपल्या गावातील कोणते खाते कोणत्या वारंवारतेवर बोलते हे मालकाला प्रथम शोधावे लागते. ती मेगाहर्ट्झमध्ये, दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या स्थळापर्यंत अचूक भरावी लागते. मग ग्रहणाची पद्धत ठरवायची. विमानांची संभाषणे 118 ते 137 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात एएम पद्धतीने चालतात, तर पोलीस आणि अग्निशमन दल एफएम किंवा डिजिटल पद्धत वापरतात. निवड चुकली की कानी पडते ती फक्त खरखर. ‘स्क्वेल्च’ नावाची एक कळ असते. ती फार सैल ठेवली तर यंत्र निर्जीव खरखरीवरच अडकते आणि फार घट्ट केली तर दूरचा क्षीण आवाज हरवतो. हवामान खात्याचे अखंड प्रसारण 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. ती वारंवारता फेरीत ठेवली तर यंत्र तिथेच ठाण मांडून बसते, म्हणून ती वगळावी लागते. नवशिक्याला ही गोष्ट बहुधा एक संध्याकाळ वाया गेल्यावर उमगते.

मोठ्या शहरांतील ‘ट्रंकिंग’ पद्धतीने हे काम आणखी किचकट केले. या पद्धतीत कोणत्याही खात्याला स्वतःची अशी वारंवारता नसते. वारंवारतांचा एक समाईक साठा असतो आणि एक नियंत्रक वाहिनी प्रत्येक संभाषणाला त्या क्षणी मोकळी असलेली वारंवारता नेमून देते. बँकेत एकाच रांगेतील ग्राहकांना रिकाम्या होणाऱ्या खिडकीकडे धाडावे, तसे. त्यामुळे स्कॅनरला ती नियंत्रक वाहिनी आणि प्रत्येक खात्याच्या गटाचा क्रमांक असे दोन्ही सांगावे लागते. साधे यंत्र शंभर डॉलरच्या आसपास मिळत असले, तरी ट्रंकिंग आणि डिजिटल दोन्ही जाणणाऱ्या यंत्राला पाच-सहाशे डॉलर मोजावे लागतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या व्यवहारातील लक्षणीय भाग असा, की यंत्राचे मोल त्याच्या पेटीत नसून त्यात भरलेल्या याद्यांत आहे. या याद्या हौशी श्रोत्यांनी वर्षानुवर्षे ऐकून, टिपून, एकमेकांशी ताडून तयार केल्या. 2010 साली होमपेट्रोल हे यंत्र बाजारात आले. त्यात टपालाचा सांकेतिक अंक भरला की त्या भागातील वाहिन्या आपोआप जुळत. तो चमत्कार या सामूहिक श्रमांच्या जोरावरच शक्य झाला. एकाने ऐकल्याने दुसऱ्याच्या वाट्याचा आवाज कमी होत नाही. श्रोते दहा असोत वा दहा हजार, पोलिसांना बोलण्याचा खर्च तेवढाच येतो. उलट एखाद्याला ऐकू द्यायचे नसेल, तर त्यासाठी पैसा लागतो. या साध्या सत्यातून पुढील सारे वाद निर्माण झाले आहेत.

पहिला वाद भ्रमणध्वनीचा. अमेरिकेतील आरंभीचे भ्रमणध्वनी 824 ते 894 मेगाहर्ट्झ या टापूत साध्या एफएम पद्धतीने बोलत आणि स्कॅनरवर ते स्वच्छ ऐकू येत. 1986 च्या कायद्याने ते ऐकणे गुन्हा ठरवले. पण बंद खोलीत कोण काय ऐकते हे पाहणार कोण? 21 डिसेंबर 1996 रोजी प्रतिनिधीगृहाचे सभापती न्यूट गिंग्रिच यांचे आपल्या पक्षनेत्यांशी चाललेले दूरध्वनी संभाषण फ्लॉरिडातील एका दाम्पत्याने मोटारीतील स्कॅनरवर ऐकले आणि ध्वनिमुद्रित केले. पुढील महिन्यात ते न्यूयॉर्क टाइम्समध्ये झळकले. त्या दाम्पत्याला 1997 साली प्रत्येकी 500 डॉलर दंड झाला. ब्रिटनमध्ये राजकुमारी डायाना यांचे एक खाजगी संभाषण अशाच एका हौशी श्रोत्याच्या ध्वनिफितीवरून 1992 साली छापले गेले होते.

दोन माणसांचे खाजगी बोलणे तिसऱ्याने ऐकू नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की त्यासाठी झीज कोणी सोसावी? ज्या कंपन्या उघड्या हवेत बोलणे सोडून देऊन त्याचे पैसे घेत होत्या, त्यांनी ते कूटबद्ध करून द्यावे, ही सर्वांत स्वाभाविक अपेक्षा होती. दुखण्याचे मूळ तेथे होते आणि इलाजही तेथेच करता आला असता. अमेरिकन काँग्रेसने 1992 साली निराळा मार्ग पत्करला. तो टापू ऐकू शकणाऱ्या स्कॅनरचे उत्पादन आणि आयात यांवरच तिने बंदी घातली आणि 1994 पासून ती लागू झाली. दाराला कडी लावण्याऐवजी गल्लीतील लोकांना डोळे मिटून चालण्याचा हुकूम द्यावा, त्यातलाच हा प्रकार. ती जुनी सेवा चालू ठेवण्याचे बंधन 2008 साली संपले. नवी डिजिटल संभाषणे स्कॅनरला उलगडत नाहीत. तथापि विक्रीस येणाऱ्या यंत्रांतील ती पोकळी अद्याप तशीच आहे.

दुसरा वाद पोलिसांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. येथे बोलणारा खाजगी इसम नसून पगारी लोकसेवक असतो आणि बोलण्याचा विषय नागरिकांच्या सुरक्षिततेचा असतो. कोणत्या वस्तीतून मदतीची हाक आली, गाडी किती वेळाने निघाली, गोळीबाराची पहिली वर्दी काय होती, हे स्कॅनर ऐकणाऱ्या वार्ताहराला त्याच क्षणी कळते. ते न कळल्यास दुसऱ्या दिवशी पोलीस खाते जे पत्रक काढील त्यावर विसंबावे लागते. ब्रिटनमधील पोलीस 2005 च्या सुमारास कूटबद्ध यंत्रणेकडे गेले. तेथे तर स्कॅनर बाळगणे वैध आणि आपल्यासाठी नसलेला संदेश त्यावर ऐकणे अवैध, असा चमत्कारिक कायदा आहे. अमेरिकेत डेन्व्हरने 2019 साली दार लावले. शिकागोने 2022 साली वाहिन्या कूटबद्ध करून जनतेला अर्ध्या तासाच्या विलंबाने ध्वनिमुद्रण ऐकवण्याची सोय ठेवली. न्यूयॉर्कने 2023 साली ब्रुकलिनपासून आरंभ केला. तेथील नव्या यंत्रणेचा खर्च सुमारे 39 कोटी डॉलर सांगितला गेला. ज्यांच्या करांतून ही रक्कम येते, त्यांनाच वगळण्यासाठी तिचा काही भाग खर्ची पडतो.

पोलिसांची बाजू पोकळ आहे, असे नव्हे. दरोडेखोरही स्कॅनर विकत घेऊ शकतो. बिनतारीवर संशयितांची आणि पीडितांची नावे, जन्मतारखा, पत्ते उच्चारले जातात. बोस्टन मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर एप्रिल 2013 मध्ये एका निरपराध विद्यार्थ्याचे नाव स्कॅनरवर ऐकल्याची वार्ता पसरली. ती खोटी होती, पण त्याच्या कुटुंबाला व्हायचा तो ताप झालाच. मुंबईकरांना तर याबाबत दूरचे दाखले नकोत. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात दूरचित्रवाणीवरील थेट दृश्ये हल्लेखोरांच्या सीमेपलीकडील सूत्रधारांना उपयोगी पडली आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांच्या त्या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. चकमक चालू असताना कमांडोंच्या हालचाली जगाला ऐकवाव्यात, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही.

परंतु या आक्षेपांतून निघते ते एवढेच, की काही संभाषणे झाकली पाहिजेत. सर्वच झाकली पाहिजेत, हे त्यातून निघत नाही. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने 2020 साली वैयक्तिक माहितीचे रक्षण करण्याचा आदेश काढला, तेव्हा पालो आल्टोच्या पोलिसांनी सरसकट सर्व वाहिन्या कूटबद्ध केल्या. 2022 साली त्यांनी त्या पुन्हा खुल्या केल्या. वैयक्तिक तपशील बिनतारीवर न बोलता अन्य मार्गाने घ्यावा, एवढी कार्यपद्धती बदलल्याने आदेशाचे पालन होऊ शकते, असे त्यांना आढळले. कोलोरॅडोच्या 2021 च्या कायद्याने वाहिन्या कूटबद्ध करणाऱ्या पोलीस खात्यांवर वृत्तमाध्यमांना त्या ऐकू देण्यासंबंधी धोरण आखण्याचे बंधन घातले. शिकागोचा अर्धा तास मात्र समाधानकारक नाही. आग कोठे लागली हे अर्ध्या तासाने कळून शेजाऱ्याला काय उपयोग?

भारतात हा वाद या टप्प्यापर्यंत पोहोचलेलाच नाही, कारण येथे यंत्र बाळगण्यापासूनच अडचण सुरू होते. 1933 च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याविना असे कोणतेही यंत्र बाळगणे गुन्हा ठरवले. नुसते ऐकण्याचे यंत्र असल्यास पहिल्या गुन्ह्याला 100 रुपयांपर्यंत आणि पुढच्याला 250 रुपयांपर्यंत दंड, प्रक्षेपक असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, असा भेद त्या कायद्यात 1949 सालच्या दुरुस्तीने आला. आकाशवाणी ऐकण्यासाठी टपाल कचेरीत वार्षिक शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का घेण्याचे दिवस जुन्या पिढीला आठवत असतील. 1980 च्या दशकाच्या मध्यात ती पद्धत गेली. पण ती सूट नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे प्रसारण घेणाऱ्या संचांपुरतीच होती. वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात म्हटले. तरी 2023 च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ उपकरण बाळगण्यास अधिकृत मान्यता हवी, हे तत्त्व कायम ठेवले आहे.

त्याच कायद्यात सार्वजनिक हितासाठी या मान्यतेतून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. केवळ ग्रहण करणाऱ्या यंत्रांसाठी तो वापरण्यास हरकत नसावी. वॉकीटॉकीच्या चोरट्या विक्रीला आळा घालण्यासाठी 2025 साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली ती रास्तच आहेत. पण बोलणारे यंत्र आणि ऐकणारे यंत्र यांना एकाच मापाने मोजण्याचे कारण नाही. 156.8 मेगाहर्ट्झ ही समुद्रावरील संकटाची वाहिनी आहे. होडी खोल समुद्रात असताना रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या मच्छीमाराच्या घरी ती ऐकली गेली, तर राज्याच्या सुरक्षिततेला कोणता धोका पोहोचतो, हे दूरसंचार विभागाने एकदा सांगावे. सागरी संकटवाहिनी, विमानांची संभाषणे आणि हौशी रेडिओचे पट्टे हे तीन भाग प्रथम खुले करावेत. पोलिसांच्या वाहिन्यांचा वाद त्यानंतर घालता येईल.