कवाथ्याचा करपा आणि आळ्यातील माती

पावसाळ्याच्या प्रारंभी वृक्षारोपणाचा समारंभ होतो, माडाचे कवाथे लावले जातात, टाळ्या पडतात. पुढे त्यांची वास्तपुस्त कोणी करीत नाही. काही काळाने बाहेरच्या पानांवर पिवळसर ठिपके उठतात. त्यांच्या कडा तपकिरी होतात, मधला भाग राखेसारखा करडा पडतो, ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पान आगीने होरपळल्यासारखे वाळते. हा करपा होय. तो पेस्टालोशिऑप्सिस नावाच्या बुरशीमुळे होतो. करड्या भागावरील बारीक काळ्या दाण्यांत तिचे बीजाणू असतात व वाऱ्यापावसाबरोबर ते शेजारच्या रोपावर जातात.

पान करपले की मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे आणि निश्चिंत व्हावे, अशी आपली समजूत आहे. मिश्रण गुणकारी आहे, यात शंका नाही. (फ्रान्समधील बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद व चुना फाशीत. त्याच वेली निरोगी राहतात हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले व १८८५ साली हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांचे उपकार म्हणावयाचे!) परंतु मोरचुदातील तांबे कुजून नाहीसे होत नाही, ते मातीत साठत जाते आणि फार साठले की गांडुळांच्या जिवावर उठते.

शिवाय मूळ दुखणे तसेच राहते. सशक्त रोपाला करपा सहसा जेरीस आणीत नाही. ज्या मातीत पालाश, म्हणजे पोटॅश, कमी, तेथे तो माजतो. गोव्यातील जांभ्याची व किनाऱ्यावरील रेताड जमीन पालाश फारसा धरून ठेवीत नाही, आणि वर्षाकाठी पडणारा सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस होता तोही धुऊन नेतो. जुने बागायतदार आळ्यात राख घालीत, नारळाची सोडणे पुरीत. दोहोंतही पालाश असतो. आज सोडणे आपण परसात जाळतो आणि राख कचऱ्यात टाकतो. आळ्यातून घेतलेले आळ्याला परत न करता केवळ पाने फवारीत बसणे मला तरी उधळेपणाचे वाटते. करपलेली पाने अवश्य कापून जाळावीत; पण त्यांचीही राख आळ्यातच जावी.

येत्या जूनमध्ये आपल्या शाळेने पन्नास कवाथ्यांऐवजी दहाच लावावेत, असे माझे मत आहे. आधी मातीची तपासणी करून घ्यावी, उरलेल्या पैशांचे शेणखत आणावे आणि एकेका वर्गाकडे एकेक आळे पुढील जूनपर्यंत सोपवावे.