माळ्यावरची पेटी

परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींना सगळ्यांनी गाण्याचा आग्रह केला. लग्नाआधी त्यांनी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. "इश्श, आता कसलं गाणं! पेटी माळ्यावर गेली ती गेलीच," म्हणत त्यांनी कैरीची डाळ पुढे केली. सगळ्या हसल्या. मला काही हसू येईना. माळा माझ्याही घरी आहे ना!

घरी येताना ज्योत्स्ना भोळे आठवल्या. गोव्यातल्या बांदिवड्याची, १९१४ साली जन्मलेली ही दुर्गा केळेकर. १९३२ मध्ये संगीतकार केशवराव भोळ्यांशी लग्न झालं. पुष्कळजणींचं गाणं इथंच थांबतं. त्यांचं मात्र इथून बहरलं. दुसऱ्याच वर्षी, १ जुलै १९३३ ला, 'आंधळ्यांची शाळा'त त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुरुषांनी लुगडं नेसून नायिका व्हायचं, याचीच तेव्हा प्रेक्षकांना जास्त सवय. घरची सून परपुरुषांबरोबर नाटकात काम करते म्हटल्यावर लोक काय बोलले असतील, ते तुम्हांआम्हांला का सांगायला हवं? पण त्या नाटकाचं संगीत केशवरावांचंच होतं!

१९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं 'कुलवधू' आलं. सिनेमात नाव कमावणारी भानुमती आणि तिच्या यशानं मनातून दुखावणारा नवरा. भानुमती झाल्या ज्योत्स्नाबाई. नाटकातला नवरा रुसला, घरातला मात्र पाठीशी उभा होता. २००१ साली बाई गेल्या. पुण्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

मैत्रिणींनो, प्रत्येकीला केशवराव मिळतात असं नाही. आमच्याकडे कुणी "गाऊ नकोस" म्हटलं नव्हतं, पण "गा" असंही कुणी म्हटलं नाही. आणि खरं सांगू? मीही कधी विचारलं नाही. शाळा, डबे, पाहुणे यांत बारा वर्षं गेली.

रविवारी ह्यांना म्हटलं, "पेटी खाली काढून द्या." भाता फाटलेला, दोन सूर मुके. "आता दुरुस्तीला पैसे घालायचे?" हे म्हणाले. माझ्या पगारातले मी बाजूला काढले. हेच मग पेटी रिक्षात घालून घेऊन गेले.

तुमचीही पेटी असेल तर कोरड्या सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, ओलीपासून जपा. माळ्यावर मात्र ठेवू नका. हाताशी असली तर निदान पुसताना तरी एखादा सूर लागेल.